मरणाचा हिशेब आणि मनाचें दुखणें

(वाचावयाचा शास्त्रभाग : १ राजे, अध्याय १९)



ज्या पुणें शहरांत बसून मी हा पाठ लिहीत आहें, त्या शहरावर इ. स. १८९७ सालीं प्लेगची पहिली मोठी धाड आली. पेठांमागून पेठा ओस पडल्या. ज्यांना जमलें ते घराला कुलूप घालून गांवाबाहेर झोपड्यांत राहूं लागले. रोगी हुडकून काढण्यासाठीं सरकारनें गोरे शिपाई घरोघर पाठविले. ते माजघरांत व देवघरांत शिरूं लागल्यामुळें लोकांत जो क्षोभ उसळला, त्याचा शेवट २२ जूनच्या रात्रीं प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यांत झाला. हा इतिहास शाळेंतल्या मुलांसही पाठ आहे. परंतु त्यांतील एका गोष्टीकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. ती ही कीं, त्या दिवसांत पुण्याच्या घराघरांतून रोगी लपविले गेले. आईनें मुलास लपविलें, भावानें भावास लपविलें. रोगी शिपायांच्या हातीं लागूं नये, त्यास छावणींत नेऊं नये, घराची अब्रू जाऊं नये म्हणून ही लपवालपवी झाली. तींत दुष्टपणा नव्हता. प्रेम होतें आणि भीति होती. पण लपविलेल्या रोग्यास औषधपाणी मिळेना आणि रोग मात्र पसरत राहिला. त्याच साथींत सावित्रीबाई फुले यांनीं उलट मार्ग धरला. रोग्यांस उघडपणें दवाखान्यांत आणवून त्यांनीं त्यांची सेवा केली, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांस देवाज्ञा झाली.

आज प्लेग कोणी लपवीत नाहीं. क्षयाविषयींही लोक पूर्वीपेक्षां मोकळेपणानें बोलतात. परंतु खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फिरतांना मला असें दिसतें कीं, एका दुखण्याची लपवालपवी अजून १८९७ प्रमाणेंच चालूं आहे. तें दुखणें मनाचें. त्याविषयीं विचार करण्यापूर्वीं मरणाचा सबंध हिशेब थोडक्यांत पाहूं, म्हणजे हें दुखणें त्यांत कोठें बसतें तें ध्यानांत येईल.

विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या देशांत जन्मणाऱ्या बालकाचें सरासरी आयुर्मान पंचविसांहून कमी वर्षांचें होतें. १९५१ च्या सुमारास तें बत्तिसांच्या आसपास आलें, आणि २०१६ ते २०२० ह्या काळाच्या सरकारी गणतीप्रमाणें तें ७० वर्षें झालें. आतां ‘पंचवीस वर्षें’ याचा अर्थ त्या काळीं सर्व माणसें पंचविशींत मरत असत, असा कोणीं करूं नये. एका घरीं दोन मुलें झालीं; एक पाळण्यांतच गेलें आणि दुसरें पन्नास वर्षें जगलें, तर दोघांची सरासरी पंचवीस होते. ती सरासरी खालीं ओढणारें ओझें मुख्यतः लहान मुलांच्या थडग्यांचें होतें. आपल्या जुन्या मंडळ्यांच्या दफनाच्या वह्या ज्यांनीं चाळल्या असतील त्यांस हें निराळें सांगावयास नको. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत तर इतकीं माणसें गेलीं कीं, १९२१ च्या खानेसुमारींत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षां कमी भरली.

तें दृश्य पालटलें. देवीचा रोग, ज्यास आपले पूर्वज देवीचा कोप मानीत, तो १९७५ नंतर आपल्या देशांत कोणास झाला नाहीं आणि १९८० सालीं जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. पोलिओही देशांतून गेल्याचें २०१४ सालीं जाहीर झालें. सबंध जगांत १९९० सालीं पांच वर्षांच्या आंतील सव्वा कोटीहून अधिक मुलें मेलीं होतीं. २०२२ सालीं ती संख्या ४९ लाखांवर आली. हें कशानें झालें? लशीनें, स्वच्छ पाण्यानें, पोटभर अन्नानें, नव्या औषधांनीं. आणि माझ्या मतें तितकेंच ह्या एका गोष्टीनें कीं, लोक रोगास शाप म्हणेनासे झाले आणि रोगी दाराबाहेर आणूं लागले.

ही वाट सरळ चढाची नाहीं, हें कोरोनाच्या साथीनें दाखविलें. महाराष्ट्रांतील पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजीं ह्याच पुण्यांत सांपडले. जगाचें सरासरी आयुर्मान २०१९ सालीं ७३.१ वर्षें होतें; तें २०२१ सालीं ७१.४ वर आलें. आणि जागतिक आरोग्य संघटनेनें दुसराही एक आंकडा दिला : साथीच्या पहिल्याच वर्षीं अतिचिंता व नैराश्य ह्या दोन मनोव्याधींचें प्रमाण जगांत शेंकडा २५ नीं वाढलें. मेलेल्यांची गणती तर झालीच; मागें राहिलेल्यांच्या काळजाचीही कोणीतरी गणती केली, ही मला नवी आणि चांगली गोष्ट वाटते.

आतां मूळ विषयाकडे येऊं. २०२१ सालीं जगांत सुमारें ७ लाख २७ हजार माणसांनीं स्वतःच्या हातानें आपला जीव घेतला. त्या वर्षीं हिंवतापानें मेलेल्यांहून ही संख्या मोठी आहे. पंधरा ते एकोणतीस ह्या वयांत मरणाच्या कारणांमध्यें हें कारण तिसरें आहे. आपल्या देशांत २०२२ सालीं सरकारदरबारीं नोंदलेल्या अशा मृत्यूंची संख्या १,७०,९२४ होती, आणि त्यांत सर्वांत अधिक, म्हणजे २२,७४६, आपल्या महाराष्ट्रांत. दररोज साठांहून अधिक घरांत हा आकांत झाला. शेतकरी आणि शेतमजूर मिळून देशांत ११,२९० होते. पोलिसांच्या कागदांत ‘कारण’ म्हणून एक रकाना असतो. त्यांत कुटुंबांतील अडचणी आणि आजार हीं दोन कारणें मिळून निम्मीं प्रकरणें भरलीं. कर्ज, नापिकी, दारू, परीक्षा, लग्न हींही नांवें तेथें येतात. परंतु मनुष्याचें हृदय एका रकान्यांत मावत नाहीं. एकाच पावसानें ज्यांचें पीक गेलें अशा दहा जणांपैकीं नऊ जण कसेबसे सांवरतात आणि एक सांवरत नाहीं. त्या एकाच्या मनांत आधींपासून कांहीं दुखत होतें काय, हें विचारावयास त्या वेळीं कोणी नसतें.

हा हिशेब एवढ्यावर संपत नाहीं. ज्यांस मनाचा तीव्र रोग आहे तीं माणसें इतरांपेक्षां सुमारें दहा ते वीस वर्षें आधीं मरतात, आणि त्यांतील पुष्कळ हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे रोग ह्यांसारख्या साध्या दुखण्यांनीं मरतात. कारण उघड आहे. ‘वेड्या’ माणसानें छातींत दुखतें म्हटलें तर तें खरें कोण मानतो?

येथें मला माझा एक अपराध सांगितला पाहिजे. सेमिनरींतून बाहेर पडून मला फार दिवस झाले नव्हते. एका खेड्याच्या मंडळींत उपासनेनंतर एक शेतकरी बंधु पायरीवर बसून राहिला. तो मंडळीचा जुना, भक्तिमान् सभासद. सांवत्सरिक सभेला स्वतःच्या पोत्यांतून ज्वारी देणारा. तो म्हणाला, “पाळकसाहेब, दोन महिने झाले, रात्रीं डोळ्याला डोळा लागत नाहीं. पहांटे तीनला जाग येते. शेतांत पाऊल टाकावेंसें वाटत नाहीं. मी घराला भार झालों.” मीं त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, वाचावयास एक स्तोत्र सांगितलें, विश्वास कमी पडला कीं असें होतें असा उपदेश केला, आणि एस.टी. चुकूं नये म्हणून घाईघाईनें निघालों. अकराव्या दिवशीं त्यानें शेतावरचें औषध घेतलें. त्याची बायको वेळेवर घरीं आली, शेजाऱ्यांनीं जीप मिळविली, आणि देवाच्या दयेनें व तालुक्याच्या डॉक्टरांच्या मेहनतीनें तो वांचला. मी खाटेजवळ बसलों होतों. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, “तुम्हीं विचारलें असतें तर मीं सांगितलें असतें.”

‘मी भार झालों’ हे शब्द मीं ऐकले होते. पुढचा प्रश्न मला सुचला होता आणि मीं तो गिळला. असें विचारल्यानें नसता विचार त्याच्या डोक्यांत शिरेल, असें मला वाटलें. ही समजूत आपल्यांत सर्वत्र आहे आणि ती खोटी आहे. ह्या विषयाचा अभ्यास केलेल्यांस असें आढळलें आहे कीं, “जीव द्यावा असें मनांत येतें काय?” असें प्रेमानें व सरळ विचारल्यानें तो विचार वाढत नाहीं, उलट पुष्कळांस कोणीतरी विचारलें म्हणून हलकें वाटतें.

विश्वास कमी पडतो म्हणून मन खचतें, हा जो उपदेश मीं केला तो शास्त्राच्या कसोटीसही उतरत नाहीं. वर दिलेला अध्याय काढून पाहा. एलीया कर्मेल डोंगरावर सबंध राष्ट्रासमोर उभा राहिलेला संदेष्टा. त्याच्याहून मोठा विश्वास कोणाचा? तरी ईजबेलीच्या धमकीनंतर तो एकटा रानांत गेला, रतामाच्या झुडपाखालीं बसला आणि आपणांस मरण यावें असें मागूं लागला. तेव्हां देवानें काय केलें हें क्रमानें वाचा. देवानें त्यास दटाविलें नाहीं. त्यास झोंप दिली. दूतानें हात लावून उठविलें, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशीं ठेविला. तो पुन्हां निजला. पुन्हां उठविलें, पुन्हां खाऊं घातलें, आणि वाट लांबची आहे हें मान्य केलें. होरेबावर त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें, तेंही दोनदां, एकाच शब्दांत. मग तूं एकटा नाहींस हें सांगितलें आणि अलीशा हा सोबती दिला. झोंप, अन्न, ऐकून घेणें, सोबत. मीं त्या पायरीवर ह्यांतील एकही गोष्ट दिली नव्हती.

आतां औषधाविषयीं. आपल्याकडे कोणी विचित्र बोलूं लागला कीं ‘ह्याला येरवड्याला पाठवा’ असें हंसत म्हणण्याची रीत आहे. पुण्याच्या येरवड्यांत कारागृह आहे आणि शंभर वर्षांहून जुनें मनोरुग्णालयही आहे. असें सरकारी मनोरुग्णालय ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथेंही आहे. कारागृहांतील भावास भेटावयास लोक गाडीभाडें खर्चून येतात. मनोरुग्णालयांतील भावास भेटावयास तितके येत नाहींत, असें माझें पाहणें आहे. ह्याच येरवड्याच्या आवारांत १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं व्यसनी माणसांसाठीं ‘मुक्तांगण’ सुरू केलें. दारू हें खचलेल्या मनाचें औषध नसून त्याचें सरपण आहे, हें ज्या घरांत प्याला शिरला आहे त्यांस कळतें. मात्र मनाच्या प्रत्येक दुखण्यास येरवड्यास जावें लागतें असें नाहीं. बहुतेकांस जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांतील मानसरोगतज्ज्ञास दाखवून घरीं राहूनच उपचार घेतां येतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यावयास दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यांत फरक नाहीं म्हणून, किंवा दुसऱ्या महिन्यांत बरें वाटलें म्हणून, डॉक्टरांस न विचारतां त्या सोडूं नयेत.

आणि हें भूतबाधेचें काम आहे असें म्हणून रोग्यास बांधून ठेवूं नये. ऑगस्ट २००१ मध्यें तामिळनाडूंतील एरवाडी येथें साखळदंडांनीं बांधलेले २८ मनोरुग्ण आगींत सांपडून मेले. तें स्थान अन्य धर्मीयांचें होतें, म्हणून आपण बोट दाखवूं नये. आपल्याही उपासप्रार्थनेच्या सभांत गोळ्या बंद करावयास सांगणारे आहेत. मधुमेह झालेल्या पाळकास ते तसें सांगत नाहींत.

“आमच्या गांवीं डॉक्टर नाहीं, आम्ही काय करावें?” असें उपदेशक बंधु विचारतील. ह्याचें उत्तर गोव्यानें दिलें आहे. तेथें १९९६ सालीं स्थापन झालेल्या ‘संगत’ ह्या संस्थेनें डॉक्टर नसलेल्या साध्या, शिकलेल्या माणसांस शिकवून तयार केलें. हीं माणसें सरकारी आरोग्यकेंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रोग्यांस सहा ते आठ वेळां भेटून त्यांचें ऐकत, आणि मोडलेला दिनक्रम, म्हणजे आंघोळ, शेत, शेजार, भजन, हळूहळू पुन्हां बसवून देत. २०१६ सालीं ह्याचा निकाल प्रसिद्ध झाला. अशा भेटी मिळालेल्यांपैकीं शंभरांत ६४ जणांची व्याधि तीन महिन्यांनीं उतरली होती. नेहमींच्याच उपचारांवर राहिलेल्यांत ती ३९ जणांची उतरली. आपल्या नाशिक जिल्ह्यांतील पेठ तालुक्यांतही, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानें ‘आत्मीयता’ नांवाचें काम चाळीसएक गांवांत करून पाहिलें. तेथें गांवचीच माणसें दुःखी शेजाऱ्यास ओळखूं, ऐकूं आणि गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत पोंचवूं लागलीं. हक्काची सरकारी मदत मिळावी म्हणून कागदही करून देऊं लागलीं. आपला उपदेशक आणि बायबल-बाई घरोघर जातातच. तेथें अर्धा तास अधिक बसावें, आणि त्या अर्ध्या तासांत आपण थोडें बोलावें, एवढीच भर घालावयाची आहे. मला स्वतःला ही दुसरी गोष्ट फार जड गेली.

शेतकरी वाचकांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. श्रीलंका बेट १९९५ च्या सुमारास आत्महत्यांत जगांत अग्रभागीं होतें. तेथील सरकारनें शेतांत वापरावयाचीं अतिजहाल विषें एकामागून एक बंद केलीं. वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण शेंकडा ७० नीं खालीं आलें, आणि विषें बंद झालीं म्हणून पीक घटलें नाहीं. कर्जें, भांडणें, दुःखें तेथूनही नाहींशीं झालीं नव्हतीं. पण जीव देण्याची उबळ पुष्कळदां घटकाभराची असते, आणि त्या घटकेंत विष हाताशीं नसलें तर मनुष्य वांचतो; वांचलेल्यांपैकीं बहुतेक पुढेंही जगतात. घरोघर कुलुपाच्या पेट्या देऊन हेंच साधेल काय, हेंही त्या देशांत पुढें तपासून पाहण्यांत आलें. नुसत्या पेटीचा उपयोग दिसून आला नाहीं. घरचेंच कुलूप, घरचीच किल्ली, मग दुसरें काय होणार? म्हणून ज्या घरीं कोणाचें मन खचलें आहे तेथें तें औषध घरांत व गोठ्यांत ठेवूंच नये. भावकींत किंवा शेजारीं दुसऱ्या घरीं ठेवावें. हें काम सरकारची वाट न पाहतां ह्याच आठवड्यांत होण्यासारखें आहे.

कायद्याचीही भीति उरलेली नाहीं. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणें जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्यास वर्षभराची कैद सांगितली होती, आणि त्या धास्तीनें कित्येक घरांनीं रोग्यास दवाखान्यांत नेण्यास उशीर केला. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें धरून चालावें, आणि त्यास शिक्षा न देतां उपचार द्यावे असें ठरविलें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या न्यायसंहितेंत तर तें जुनें कलम राहिलेंच नाहीं. जबाब घ्यावयास पोलीस आले तरी भिऊं नये. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनीची सोय केली आहे. ती रात्रंदिवस व विनामूल्य आहे, आणि मराठींतून बोलतां येतें. हा आंकडा उपासनामंदिराच्या दाराशीं लिहून ठेवावा. ज्या घरीं हा मृत्यु झाला असेल त्या घरास दफनाच्या जागेविषयीं किंवा प्रार्थनेविषयीं हात पसरावे लागूं नयेत, हें मंडळीच्या पंचांनीं आधींच ठरवून ठेवावें. प्रेत अंगणांत असतां वाद घालणें हा त्या विधवेवर दुसरा घाव आहे. मीं तो घातला गेलेला पाहिला आहे.

२००० पासून २०१९ पर्यंत जगांतील आत्महत्यांचें प्रमाण शेंकडा ३६ नीं उतरलें. म्हणजे ज्याप्रमाणें देवी हटली त्याप्रमाणें हेंही मरण हटण्यासारखें आहे, जरी त्याची वाट लांब आहे.

त्या शेतकरी बंधूस तालुक्याहून जिल्ह्याच्या दवाखान्यांत नेलें होतें. तेथील डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें त्यानें दीड वर्ष गोळ्या घेतल्या. कर्ज फिटावयास त्याहून पुष्कळ अधिक वर्षें लागलीं. त्याचें फवारणीचें औषध अजून चुलतभावाच्या वस्तीवर असतें. फवारणीच्या दिवशीं सकाळीं लागेल तेवढेंच तो घेऊन येतो. गेल्या पावसाळ्यांत मी त्या गांवीं गेलों होतों. चहा झाल्यावर त्यानेंच मला विचारलें, “पाळकसाहेब, तुम्हांला झोंप लागते ना?”